पिन जुळली, सूत जुळलं का?

आपल्याकडे खरेदी-विक्रीत एक शब्द फार जपून वापरायला हवा, आणि नेमका तोच सगळ्यात सैलपणे वापरला जातो. तो शब्द म्हणजे ‘चालून जाईल’. दुकानदार म्हणतो चालून जाईल, रूम पार्टनर म्हणतो चालून जाईल, लॅब असिस्टंट म्हणतात चालून जाईल. मग आपण ती बोटभर लांबीची काळी वस्तू खिशात घालून घरी येतो, ग्राफिक्स कार्डाच्या मागे खोचतो, मॉनिटरची वायर तिच्यात खोचतो, आणि पडद्यावर दोन शब्द तरंगायला लागतात : ‘नो सिग्नल’. पुढचा कार्यक्रम ठरलेला. ड्रायव्हर काढा, ड्रायव्हर टाका, विंडोज नव्याने टाका, कार्ड काढून पुसून परत बसवा, आणि शेवटी निकाल जाहीर करा की मॉनिटर गेला!

मॉनिटर कुठेही गेलेला नसतो. तो बिचारा जागेवरच असतो. त्याला समजेल अशा भाषेत त्याच्याशी कोणी बोललेलंच नसतं.

आता तुम्ही म्हणाल, मॅगझिनच्या मराठी विभागात पाऊस, मैत्री आणि पहिली केटी हे विषय सोडून याला ॲडॅप्टरवर लेख लिहायची अवदसा का आठवली? तर मित्रांनो, कारण सरळ आहे. दुसरा मॉनिटर जोडायची हौस आज जवळपास प्रत्येक होस्टेल रूममध्ये आहे. एका पडद्यावर कोड, दुसऱ्यावर लेक्चर (किंवा मॅच). आणि दुसरीकडे लॅबमध्ये नवे पीसी येतात तेव्हा जुने, व्यवस्थित चालणारे मॉनिटर ‘कनेक्शन जुळत नाही’ या एका वाक्यावर डेडस्टॉक रजिस्टरमधून कमी होतात. या दोन्ही ठिकाणी पैसे वाया जातात, आणि अभियांत्रिकीच्या मुलांच्या डोळ्यांदेखत वाया जातात. माझं म्हणणं एवढंच आहे : ॲडॅप्टर निवडताना आपण पिनेचा आकार बघतो, बघायला हवा सिग्नल. हे कळायला एमटेक लागत नाही, पण न कळणं बीईला शोभत नाही.

या चुकीचं मूळ आपल्या घरच्या विजेच्या बोर्डात आहे. तीन पिनांचा प्लग आणि दोन पिनांचं सॉकेट असेल तर आपण एक ॲडॅप्टर लावतो आणि मिक्सर सुरू होतो (अर्थिंग गेलं, पण ते असो). तिथे दोन्ही बाजूंना वीज तीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फरक फक्त आकाराचा. त्यामुळे ॲडॅप्टर म्हणजे ‘आकार बदलणारी वस्तू’ हे समीकरण डोक्यात पक्कं बसतं. व्हिडिओच्या बाबतीत मात्र ॲडॅप्टर दोन जातींचे असतात. एका जातीत आत नुसत्या तारा असतात, फार तर व्होल्टेजची पातळी बदलणारा छोटासा भाग. याला पॅसिव्ह म्हणतात. दुसऱ्या जातीत आत खरोखरची चिप असते, ती एक सिग्नल घेते, समजून घेते आणि दुसऱ्या पद्धतीत नव्याने तयार करते, हा ॲक्टिव्ह. पहिला हमाल, दुसरा दुभाषा. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, दुकानात एकाच खोक्यात असतात, आणि मागताना आपण दोघांना एकाच नावाने मागतो. घोळ होणारच!

आता घराण्याचा थोडा इतिहास पाहू, कारण त्याशिवाय कोणाचं कोणाशी नातं आहे ते कळणार नाही. व्हीजीए हे थोरले आजोबा. १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ संगणकाबरोबर आले. १५ पिना, तीन ओळी, निळा प्लग, दोन्ही बाजूंना स्क्रू. यातून लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजच्या रूपात वाहतात, म्हणजे सिग्नल ॲनालॉग. मग १९९९ मध्ये डीव्हीआय आलं. त्यात डिजिटल सिग्नल आला, पण घरात म्हातारं माणूस असताना एकदम वेगळं बिऱ्हाड करता येत नाही, म्हणून डीव्हीआयच्या एका प्रकारात, डीव्हीआय-आयमध्ये, ॲनालॉगसाठी वेगळ्या पिना ठेवल्या. डीव्हीआय-डी या प्रकारात त्या नाहीत. २००२ च्या डिसेंबरात एचडीएमआयचं पहिलं मानक जाहीर झालं. त्यातली चित्र पाठवायची पद्धत डीव्हीआयचीच, टीएमडीएस नावाची; वर आवाजाची सोय केली आणि प्लग आटोपशीर केला. आणि २००६ साली व्हेसा या संस्थेने डिस्प्लेपोर्ट आणलं. हे मात्र घराण्याबाहेरचं स्थळ. यात चित्राची माहिती छोट्या छोट्या पॅकेटांमध्ये जाते, आपल्या कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पेपरात असतात तशी.

हे नातं समजलं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. एचडीएमआय आणि डीव्हीआय ही सख्खी भावंडं. त्यामुळे कार्डाला एचडीएमआय आणि मॉनिटरला डीव्हीआय असेल, किंवा उलट असेल, तर साधी केबल किंवा साधा पॅसिव्ह ॲडॅप्टर पुरतो. यासाठी कोणी ‘कन्व्हर्टर’ म्हणून जास्त पैसे सांगत असेल तर हात जोडून पुढच्या दुकानात जावं. (आवाज मात्र डीव्हीआयच्या मॉनिटरला मिळेल अशी आशा ठेवू नका.)

व्हीजीएचं तसं नाही. एचडीएमआयमध्ये ॲनालॉग सिग्नल मुळात नाहीच. मग एचडीएमआयच्या कार्डातून व्हीजीएच्या मॉनिटरवर चित्र आणायचं तर मध्ये डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप, म्हणजे डॅक, लागणारच. तरीही बाजारात एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली, आत नुसत्या तारा असलेली दीड मीटरची केबल राजरोस मिळते. संगणकाच्या ग्राफिक्स कार्डासाठी तिचा उपयोग शून्य. आकार दोन्हीकडे बरोबर बसतो, पिना सगळ्या जुळतात, आणि चित्र कधीच येत नाही. लेखाला जे शीर्षक दिलं आहे ते या केबलकडे बघूनच!

डीव्हीआय ते व्हीजीए हा प्रकार आणखी गमतीचा. इथे ॲडॅप्टर पॅसिव्ह असूनही चालतो, पण फक्त डीव्हीआय-आयवर. ओळखायचं कसं? कार्डाच्या सॉकेटकडे नीट बघा. एका बाजूला आडवी सपाट फट दिसेल. त्या फटीच्या वर-खाली चार बारीक भोकं असतील तर ॲनालॉग आहे, नसतील तर नाही. एएमडीने २०१३ मध्ये रेडिऑन आर९ २९० मालिकेत आणि एनव्हिडियाने २०१६ मध्ये जीटीएक्स १० मालिकेत ही ॲनालॉगची सोय काढून टाकली. त्यामुळे जुन्या जीटीएक्स ९०० मालिकेच्या कार्डावर चालणारा ॲडॅप्टर नव्या कार्डावर बसतच नाही. मग काही महाभाग पकड घेतात आणि ॲडॅप्टरच्या त्या चार जादा पिना मोडून काढतात! ॲडॅप्टर बसतो. बसणारच. पण ज्या पिनांमधून चित्र येणार होतं त्याच आपण कचऱ्यात टाकल्या, त्याचं काय? हा जुगाड नव्हे मित्रांनो, ही तोडफोड आहे. जुगाड करायलाही आतलं काम कसं चालतं ते माहीत असावं लागतं.

आता डिस्प्लेपोर्ट. पॅकेटची भाषा वेगळी असताना डिस्प्लेपोर्टला लावायचा एचडीएमआयचा स्वस्त पॅसिव्ह ॲडॅप्टर चालतो कसा? चालतो, कारण बहुतेक ग्राफिक्स कार्डांवरचा डिस्प्लेपोर्ट ड्युअल-मोड असतो. खुणेसाठी पोर्टच्या चिन्हाजवळ दोन अधिक चिन्हं काढलेली दिसतात. असा ॲडॅप्टर लावला की कार्डाला ते कळतं आणि कार्ड स्वतःच पॅकेटं सोडून टीएमडीएस बोलायला लागतं. ॲडॅप्टर फक्त व्होल्टेजची पातळी जुळवून देतो. म्हणजे भाषांतर ॲडॅप्टर करत नाही, कार्डच दोन भाषा जाणतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण यातूनच पुढचा नियम निघतो : हा रस्ता एकेरी आहे. कार्डाला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर तोच ॲडॅप्टर उलटा लावून काही होत नाही. एचडीएमआयला पॅकेटची भाषा येत नाही आणि मॉनिटर दोन भाषा जाणत नाही. तिथे चिपवाला ॲक्टिव्ह कन्व्हर्टरच लागतो, आणि त्याला बऱ्याचदा यूएसबीची वेगळी वीजही द्यावी लागते. खोक्यावर ‘अमुक टू तमुक’ असं छापलेलं असतं, त्यातला आधी कोण आणि नंतर कोण हे वाचायचा आळस करू नका.

‘हे सगळं पाठ कशाला करायचं? लावून बघायचं, चाललं तर चाललं,’ असं म्हणणारे मित्र मला माहीत आहेत. त्यांच्यासाठी एक खरी गोष्ट सांगतो. सप्टेंबर २००९ मध्ये एएमडीने रेडिऑन एचडी ५८७० हे कार्ड आणलं. त्याची मोठी जाहिरात म्हणजे आयफिनिटी : एका कार्डावर एकाच वेळी तीन मॉनिटर. कार्डाच्या मागे पोर्ट होते चार : दोन डीव्हीआय, एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट. आता गणित अगदी सोपं वाटतं की नाही? चार पोर्ट, तीन मॉनिटर, एक शिल्लक! पण लोकांनी दोन डीव्हीआयवर आणि एक एचडीएमआयवर असे तीन मॉनिटर जोडले तेव्हा तिसरा सुरूच होईना. मग काहींनी डिस्प्लेपोर्टला पॅसिव्ह ॲडॅप्टर लावून तिसरा मॉनिटर जोडला. तरी नाही!

कारण फार सुंदर आहे. डीव्हीआय आणि एचडीएमआयला मॉनिटरच्या रिझोल्यूशनप्रमाणे ठरणारा स्वतःचा क्लॉक लागतो, व्हीजीएलाही लागतो. त्या कार्डात असे क्लॉक तयार करणारे फक्त दोन भाग होते. म्हणून जुन्या पद्धतीचे मॉनिटर दोनच. डिस्प्लेपोर्टचं तसं नाही. त्याची तार ठरावीक वेगानेच धावते, त्या कार्डात प्रत्येक लेनला १.६२ किंवा २.७ गिगाबिट प्रति सेकंद, मॉनिटर कोणताही असो. त्यामुळे त्याला वेगळा क्लॉक मागावा लागत नाही. पॅसिव्ह ॲडॅप्टर लावला की डिस्प्लेपोर्ट टीएमडीएस बोलायला लागतो आणि तिसरा क्लॉक मागतो. तो कुठून आणणार? ॲक्टिव्ह ॲडॅप्टर लावला की कार्डाच्या दृष्टीने तो शेवटपर्यंत डिस्प्लेपोर्टच राहतो आणि पुढचा क्लॉक ॲडॅप्टरमधली चिप स्वतः तयार करते. म्हणजे दिसायला सारखे दोन ॲडॅप्टर, दोन्ही टोकांच्या पिना त्याच, आणि एकाने तीन पडदे उजळतात, दुसऱ्याने दोनच! हीच अट एचडी ६००० आणि ७००० मालिकांतही होती. पुढच्या कार्डांत ती सैल होत गेली. पण सेकंडहँड कार्ड घेऊन प्रोजेक्ट उरकणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही, आणि असली कार्डं अजून हातोहात फिरत असतात. ‘लावून बघू’ या पद्धतीने हे कोडं कोणी किती दिवसांत सोडवलं असतं? ड्रायव्हर बदलून बदलून बोटं झिजली असती.

नातं झालं, आता कुवत. भाषा जुळली तरी बोलण्याचा वेग झेपायला हवा. इथे आपला कॅल्क्युलेटर काढा. १९२० गुणिले १०८० गुणिले ६० म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख पिक्सेल. यात ओळीच्या आणि चौकटीच्या शेवटी सोडलेली रिकामी वेळ मिळवायची. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनच्या झोताला ओळीच्या सुरुवातीला परत यायला ही वेळ लागायची. झोत गेला, वेळ राहिली. ती धरून आकडा होतो १४८.५ मेगाहर्ट्झ. सिंगल-लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५. बसलं! आता २५६० × १४४० चा मॉनिटर ६० हर्ट्झवर घ्या. नुसते पिक्सेलच २२ कोटींच्या वर जातात. १६५ मध्ये बसत नाही. फुल एचडीच पण १४४ हर्ट्झवर हवंय? जवळजवळ ३० कोटी. तेही बसत नाही. एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ, त्यावर फोरके जेमतेम ३० हर्ट्झवर जातं. ६० हर्ट्झला ५९४ मेगाहर्ट्झ लागतात, ते २०१३ च्या एचडीएमआय २.० ने दिले.

म्हणजे १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्यायचा, हौसेने मित्रांना दाखवायचा, आणि मध्ये ६० हर्ट्झपुरता ॲडॅप्टर लावायचा, हा प्रकार बुलेट घेऊन ती मोपेडच्या इंजिनावर चालवण्यासारखा आहे. आणि यात सगळ्यात वाईट काय, तर चित्र येतं! ‘नो सिग्नल’ आलं असतं तर निदान शंका तरी आली असती. चित्र येतं म्हणून आपण खूश, आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट किती दाखवतोय ते कोणी उघडून बघत नाही. आज रात्री उघडून बघाच.

आणखी दोन-तीन फसव्या जागा सांगतो. एक, वाय आकाराचा स्प्लिटर. एका एचडीएमआयला दोन मॉनिटर लावता येतात हे खरं, पण दोघांवर चित्र एकच. हॉलमध्ये सेमिनारला ठीक, टेबलावर दुसरा पडदा म्हणून निरुपयोगी. एका डिस्प्लेपोर्टवर दोन वेगळे पडदे हवे असतील तर त्याला एमएसटी हब लागतो. ही सोय डिस्प्लेपोर्ट १.२ पासून आहे आणि विंडोजवर चालते, ॲपलच्या मॅकवर मात्र दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येतं. दोन, लॅपटॉपचा टाइप-सी. भोक टाइप-सीचं आहे एवढ्यावरून त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही; त्या पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड असावा लागतो. नसेल तर साधा टाइप-सी टू एचडीएमआय ॲडॅप्टर लावून फक्त बघत बसायचं. तीन, मॉनिटरचं रिझोल्यूशन ओळखूच न येणं. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात १२८ बाइट्सची एक ओळखचिठ्ठी असते, तिला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीएमध्ये ती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून वाचली जाते. स्वस्त केबलमध्ये याच तारा गाळलेल्या असल्या की कार्डाला समोर कोण आहे ते कळत नाही आणि ते घाबरून १०२४ × ७६८ वर बसतं. आपण म्हणतो, मॉनिटर जुना झाला, पुसट दिसतो. जुना मॉनिटर नव्हे, खोटी केबल!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो आणि पडदे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी मिळून जाहीर केलं होतं की २०१५ पर्यंत व्हीजीएला निरोप द्यायचा. ग्राफिक्स कार्डांवरून ते खरंच गेलं. आजच्या कार्डावर साधारण एक एचडीएमआय आणि दोन-तीन डिस्प्लेपोर्ट असतात. पण मॉनिटर काही कंपन्यांच्या घोषणा ऐकून बंद पडत नाहीत. कॉलेजच्या लॅबमधला १७ इंची, १२८० × १०२४ चा मॉनिटर आजही चालतो. त्याला सेकंदाला लागतात फक्त १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे कोणताही बरा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर हसत हसत देईल एवढे. आणि या रिझोल्यूशनला ॲनालॉग चित्रही स्वच्छ दिसतं.

एक साधा हिशेब मांडू. समजा लॅबमध्ये ३० मॉनिटर आहेत. कन्व्हर्टर चांगल्यापैकी, पाचशे रुपयांचा धरला तर खर्च १५,०००. नवा मॉनिटर सात हजारांचा धरला तर खर्च २,१०,०००. फरक १,९५,०००. एवढ्या पैशांत लॅबला काय काय घेता येईल ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर निदान चालू स्थितीतले ओसिलोस्कोप! शिवाय जुन्या एलसीडी मॉनिटरच्या मागे उजेडासाठी ज्या बारीक नळ्या असतात त्यांत पारा असतो. ते भंगारवाल्याच्या हातोडीखाली जायची वस्तू नव्हे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि मोठ्या वापरकर्त्यांनी असा कचरा नोंदणीकृत ठिकाणीच द्यावा अशी त्यांत अट आहे. पण त्याहून चांगलं म्हणजे चालणाऱ्या वस्तूला कचरा म्हणूच नये.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जुना मॉनिटर वीज जास्त खातो, डोळ्यांना त्रास होतो, आणि ३० कन्व्हर्टर म्हणजे बिघडायच्या ३० नव्या जागा. मान्य! कन्व्हर्टर लोंबकळतो, सैल होतो, चोरीलाही जातो. एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून कार्डाने निदान ५५ मिलिॲम्पियर द्यावेत एवढीच मानकाची अट आहे. कन्व्हर्टरला त्याहून जास्त लागले तर एका कार्डावर चालणारा दुसऱ्यावर अडतो. म्हणूनच मी ‘सगळं जुनं ठेवा’ असं म्हणत नाही. ज्याचा पडदा पिवळा पडला, ज्याची बटणं गेली, त्याला निरोप द्यावा. ज्याला १४४ हर्ट्झवर खेळायचंय त्याने व्हीजीएचा नाद करू नये. माझा विरोध आहे तो न बघता, न मोजता, फक्त प्लगचा आकार बघून घेतलेल्या निर्णयाला. मग तो निर्णय मॉनिटर फेकायचा असो की ॲडॅप्टर विकत घ्यायचा.

मग करायचं काय? माझ्या मते क्रम असा असावा. पहिली पसंती ॲडॅप्टरच न घेण्याला. कार्डाच्या आणि मॉनिटरच्या मागे वाकून बघा. दोघांना सारखं असलेलं एखादं पोर्ट धूळ खात पडलेलं असतं, तिथे सरळ केबल लावा. (आणि ती केबल ग्राफिक्स कार्डातच लावा, वरच्या मदरबोर्डाच्या पोर्टात नको, हजारो रुपयांचं कार्ड घेऊन ते न वापरणारे पुण्यवानही आहेत.) तसं पोर्ट नसेल तर दुसरी पसंती सख्ख्या भावंडांना, म्हणजे डीव्हीआय-एचडीएमआय, किंवा ड्युअल-मोड डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय, इथे पॅसिव्ह पुरे. तिसरी पसंती ॲक्टिव्ह कन्व्हर्टरला, तोही दिशा, रिझोल्यूशन आणि हर्ट्झ छापलेला असेल तरच. आणि एकाला एक जोडून तीन ॲडॅप्टरांची आगगाडी करायची वेळ आली, तर तिथे थांबा. ते पैसे साठवा आणि दुसरा मॉनिटर बघा.

दुकानदाराला दोष देऊन काही होत नाही. तापकीर गल्ली असो की लॅमिंग्टन रोड, तो दिवसभरात शेकडो वस्तू विकतो आणि आपण जे मागतो ते देतो. ‘काका, एचडीएमआय टू व्हीजीए द्या’ असं म्हटलं की तो हाताला येईल ते देतो. प्रश्नच अर्धा विचारला तर उत्तर पूर्ण कसं येणार? त्याऐवजी असं म्हणून बघा : ‘काका, कार्डाला एचडीएमआय, मॉनिटरला व्हीजीए, १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ, आत चिप असलेला ॲक्टिव्ह हवा, आणि नाही चालला तर परत घ्याल ना?’ समोरच्याच्या बसण्यात लगेच फरक पडतो. व्हायवाला एक्स्टर्नलसमोर जी भाषा आपण घोकून जातो, ती गल्लीत वापरायला लाज कसली?

आणि लॅबसाठी एक छोटी सूचना. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वस्तू कमी करताना ‘कारण’ असा रकाना असतो. तिथे ‘नॉट कम्पॅटिबल’ एवढं लिहून सही घेण्याऐवजी तीन गोष्टी लिहायची सक्ती करावी : कार्डातून कोणता सिग्नल निघतो, मॉनिटरला कोणता लागतो, आणि मध्ये काय लावून पाहिलं. हे काम एसईच्या दोन मुलांना द्या. एका दुपारी पूर्ण लॅब होईल, आणि त्या दुपारी ती मुलं टाइम-टेबलमधल्या अख्ख्या आठवड्यात शिकत नाहीत तेवढं इलेक्ट्रॉनिक्स शिकतील.

बाकी ‘चालून जाईल’ हा शब्द आपल्या तोंडातून जाणार नाही, हे मला माहीत आहे. जाऊही नये; गोड शब्द आहे. फक्त तो उच्चारण्यापूर्वी मागे वाकून पोर्ट बघा, डोक्यात एक गुणाकार करा, आणि मग म्हणा. तेव्हा तो अंदाज नसेल, निष्कर्ष असेल.